वितीच्या आतले कापड

ह्या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की, आठवडाभरात कानावर पडलेला एखादा शब्द उचलावा, तो उलटासुलटा करून पाहावा आणि पान भरावे, एवढाच माझा उद्योग असतो. दिवाळी अंकासाठी संपादकांनी जागा अंमळ ऐसपैस दिली आहे. म्हणून ह्या वेळी शब्दाच्या जोडीला एक वस्तूही आणली आहे. वस्तू म्हणजे तान्ह्या बाळाचे दुपटे, आणि शब्द आहे ‘चिंधी’.

झाले असे. माझ्या धाकट्या बहिणीला कार्तिकात बाळ व्हायचे आहे. आत्याच्या बाळाला काहीतरी आपल्या हातचे द्यायचे, असे आमच्या कन्येने (इयत्ता सातवी) मनावर घेतले. तिने कुठेसे एक रंगीत चित्र पाहिले होते. चौकोनाला चौकोन जोडून केलेली चिमुकली गोधडी, आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध लाल, निळे, पिवळे ‘हार्ट’. गणपतीची सुट्टी लागताच तिने माझ्या टेबलावरच्या उत्तरपत्रिका बाजूला सारल्या आणि विचारले, “बाबा, हार्टला मराठीत काय म्हणतात?”

शब्दांचा धंदा करणाऱ्या माणसाला घरच्यांनी असा प्रश्न विचारला, की त्याला केवढा आनंद होतो म्हणून सांगू! मी सरसावून बसलो. “हृदय म्हण, काळीज म्हण, अंतःकरण म्हण, ऊर म्हण...”

“तसं नाही हो. ह्या आकाराला काय म्हणतात?”

आता आली पंचाईत. आमच्या भाषेतले काळीज तुटते, उडते, पाघळते, सुपाएवढे होते; पण त्याची आकृती काढ म्हटले तर एम्. ए. चा सगळा अभ्यास आठवूनही मला तिचे नाव सांगता येईना. तेवढ्यात खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसलेले अण्णा, म्हणजे माझे वडील, मान वर न करता म्हणाले, “बदाम म्हणतात त्याला. बदाम सात खेळता ना दिवाळीत? त्यातला बदाम.” आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “नाहीतर पिंपळाचं पान. देठ वर धरायचा आणि खालचं शेपूट कापून टाकायचं.”

कन्येने चित्र उचलले आणि मला सोडून ती अण्णांच्या खुर्चीपाशी जाऊन बसली. तिने योग्य माणूस निवडला होता. माझ्या वडिलांनी वाईला बेचाळीस वर्षे शिंपीकाम केले.

हे साधे वाक्य आजवर मी ह्या सदरात कधी लिहिले नव्हते. वर्गात नामदेव शिकवताना (१२७० ते १३५०) नामदेव शिंपी होते हे मी मोठ्या अभिमानाने सांगतो. पण माझे वडील काय करीत, असे कुणी विचारले तर गेली वीस वर्षे माझे उत्तर ‘कापडाचा व्यवसाय’ असे गुळमुळीत असे. म्हणींचा तास घेताना सोनार, शिंपी आणि कुळकर्णी ह्यांना एका ओळीत बसवणारी जी म्हण आहे, ती मी न चुकता गाळतो. का, ते पुढे येईलच.

आधी दुपट्याचे पाहू. कारण अण्णांनी त्याच दिवशी दुपारी काम सुरू केले, आणि माझ्यासारख्या माणसालाही ते समजेल इतके ते सोपे निघाले.

तान्ह्याला एक वार लांब आणि एक वार रुंद एवढे दुपटे पुष्कळ झाले. एक वार म्हणजे ३६ इंच. तेव्हा ९ इंचांचे चौकोन उभे चार, आडवे चार, असे सोळा. शिलाईत चारी बाजूंनी पाव पाव इंच जाणार, म्हणून प्रत्येक चौकोन साडेनऊ इंचांचा कापायचा. मग बदाम. कागद मधोमध दुमडून त्यावर अर्धाच बदाम काढायचा आणि कापायचा, म्हणजे उलगडल्यावर दोन्ही गाल सारखे येतात. पुरा बदाम काढायला गेलो तर एक गाल नेहमी सुजलेला दिसतो. मी तीन वेळा पाहिले. तो कागद जाड पुठ्ठ्यावर ठेवून सहा इंचांचा एक साचा करायचा. पुठ्ठ्यासाठी अण्णांनी घरात साठलेल्या लग्नपत्रिका मागितल्या. इतक्या वर्षांत त्या पत्रिकांचा उपयोग झालेला मी प्रथमच पाहिला.

कापड कापताना साच्याच्या भोवती पाव इंच जास्त सोडायचे. वरच्या खाचेत कात्रीने एक कातर द्यायची, पण ती आखलेल्या रेषेच्या दोन दोरे अलीकडे थांबवायची. रेषेपर्यंत गेली की तिथूनच कापड उसवणार. गोलाईच्या कडेने बारीक धावदोरा घालून तो साच्यावर हलकेच ओढायचा आणि वरून इस्त्री फिरवायची, म्हणजे चुण्या न पडता कड आत वळते. खालचे टोक आधी दुमडायचे, मग दोन्ही बाजू. साचा काढून घ्यायचा, बदाम चौकोनावर टाचून घ्यायचा आणि कडेने हाताने तुरपायचा. हे सोळा वेळा केले की चार चार चौकोनांच्या चार पट्ट्या जोडायच्या, मग पट्टीला पट्टी. मागच्या बाजूला जुन्या पातळाच्या दोन घड्या.

“टेरिकॉट नको,” अण्णा म्हणाले. “सुती कापड धुतलं की आटतं, टेरिकॉट आटत नाही. दोन्ही एकत्र घातलीस की पहिल्या धुण्यातच दुपटं रुसून बसेल. आणि नवं कापड असेल तर शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढ.”

एकाच मुद्द्यावर आजोबा-नातीचे वाजले. चित्रासोबतच्या सूचनांत थर जोडण्याचे टाके मधून सुरू करून कडेकडे न्यावेत असे होते; अण्णा म्हणत होते, कडेपासून आत. “तुझ्या आजीने जन्मभर गोधड्या कडेपासून शिवल्या. चार बाजूंना चार बायका बसायच्या आणि फिरत फिरत आत यायच्या. मधून सुरू केलं तर चौघी बसणार कुठं?” ह्यावर कन्येपाशी उत्तर नव्हते. मला वाटते, दोन्ही बरोबर असावे. एकटीने शिवायची रजई आणि चौघींनी शिवायची गोधडी ह्यांची रीत एक कशी असेल? आधी लांब लांब टाचे घालून थर पक्के केले, म्हणजे कुठूनही सुरुवात करा, कापड सरकत नाही.

आपल्याकडे नऊवारी लुगड्याचा तर हिशेबच गोधडीशी जुळलेला दिसतो. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. चार भाग केले की ८१ इंचांच्या चार घड्या होतात. लुगड्याचा पन्हा साधारण सव्वा वार. एका म्हातारीच्या एका लुगड्यात एका माणसाची चार पदरी गोधडी तंतोतंत बसते. त्यावर रंगीत तुकडे लावायचे ते शोभेसाठी आणि विरलेल्या जागा झाकण्यासाठी. बंगालात हीच वस्तू कांथा होते, कर्नाटकात कौदी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका तर चार कोपऱ्यांवर कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणांची फुले लावल्याशिवाय गोधडी पुरी झाली असे मानीत नाहीत.

आता प्रश्न उरला रंगीत तुकड्यांचा. सौभाग्यवतींनी आपली दोन पातळे दिली, पण सोळा बदाम सोळा तऱ्हेचे हवेत असा कन्येचा आग्रह. तेव्हा अण्णा उठले आणि त्यांनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढायला मला सांगितले. २०१४ साली दुकान बंद करून ते पुण्याला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांनी मशिन विकले, इस्त्री विकली, काउंटर शेजारच्याला दिला. बरोबर आणली ती ही ट्रंक. मी ती कधी उघडली नव्हती.

वर कातरणाचे गाठोडे होते. कातरण कसे पडते ते सांगायला हवे. शर्टाचे कापड चौकोनी आणि माणूस गोल, ही शिंप्याची मूळ अडचण. गळा काढा, मुंढा काढा, बाहीचा वरचा गोल काढा. दरवेळी एक वाकडा, तिकोनी, कोयरीसारखा तुकडा खाली पडतो. त्याचे गिऱ्हाईकाला काही होत नाही, आणि कपडा अंगात बसवायचा तर तो कापल्यावाचून गत्यंतर नसते. अण्णांच्या दुकानात ह्याचा एक नियम होता. तुकडा वितीहून मोठा असेल तर तो गिऱ्हाईकाचा. त्याची घडी घालून, दोऱ्याने बांधून शिवलेल्या कपड्याच्या खिशात ठेवून द्यायची. पुढे कोपर फाटले, कॉलर उलटवायची झाली, तर उपयोगी पडतो. वितीच्या आतला असेल तर तो दुकानाचा. मोजताना वीत अण्णांची नव्हे, आईची. ती लहान होती; म्हणजे परत जाणारे तुकडे जास्त.

गाठोड्याखाली एक गोधडी होती. कन्येने ती पलंगावर पसरली आणि म्हणाली, “आजोबा, सगळे तुकडे रंगीत आहेत आणि हा एकच पांढरा कसा?”

अण्णा माझ्याकडे पाहत होते. मग म्हणाले, “कापड संपलं होतं.”

ती गोधडी मी छत्तीस वर्षांनी पाहत होतो.

१९८९ साली मी पाचवीत होतो. दिवाळीच्या आधी दुकानात कोण गर्दी! दसरा झाला की आमच्या घरी रात्रीचा दिवा मालवत नसे. अण्णा मशिनवर, आई काजे आणि बटणे करायला, आणि आम्ही भावंडे टाके काढायला. सगळ्या गावाचे नवे कपडे नरकचतुर्दशीच्या पहाटेपर्यंत पोचते होत. आमचे भाऊबीजेला झाले तर झाले. त्या सुट्टीत माझ्या वर्गातला एक मुलगा, वकिलांचा, आमच्याकडे खेळायला आला. ही गोधडी तेव्हा नवी होती आणि खाटेवर अंथरली होती. खेळता खेळता तो थांबला, एका तुकड्यावर बोट ठेवून म्हणाला, “हा माझा शर्ट!” निळ्या पांढऱ्या रेघांचा तुकडा होता, तळहाताएवढाही नसेल. त्याने अंगातल्या शर्टाची बाही त्याला लावून पाहिली. रेघ रेघेला जुळली.

सुट्टी संपून शाळा भरली, त्या दिवशी वर्गात माझे नाव ‘चिंधीचोर’ झाले होते.

वाचक म्हणतील, ही तर नेहमीचीच शिवी. खरे आहे. क्षुल्लक माणसाला आपण सहज चिंधीचोर म्हणतो. त्यात चिंधीही नसते आणि चोरीही नसते. पण शब्दाचा लक्ष्यार्थ आणि वाच्यार्थ असा फरक मी पुढे एम्. ए. ला शिकलो. त्या दिवशी मला एकच अर्थ ठाऊक होता.

घरी आलो तो तडक दुकानात गेलो. दोन गिऱ्हाइके बसली होती. त्यांच्यादेखत मी विचारले, “अण्णा, तुम्ही लोकांचं कापड चोरता का?”

मशिन थांबले. अण्णांनी मला काय झाले ते विचारले, मी सांगितले, त्यांनी “बरं” म्हटले आणि मशिन पुन्हा सुरू झाले. मारले असते तर बरे झाले असते असे मला नंतर किती वेळा वाटले आहे! रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी दिव्याखाली गोधडी घेतली, ब्लेडने त्या तुकड्याचे टाके एकेक करून उसवले, तुकडा धुतला, इस्त्री केली आणि कागदात गुंडाळला. सकाळी मला बरोबर घेऊन ते वकिलांच्या घरी गेले. वकील अंगणात स्कूटर पुसत होते. अण्णांनी पुडी दिली आणि म्हणाले, “आपलं कापड राहिलं होतं.” वकिलांनी ती उघडली, मोठ्याने हसले, “अहो, एवढ्यासाठी कशाला आलात!” म्हणाले, आणि त्या तुकड्याने त्यांनी स्कूटरचा आरसा पुसला.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मला आज कळते. परतताना अण्णा काही बोलले नाहीत.

त्या दिवसापासून दुकानातला नियम बदलला. वितीच्या आतलेही सगळे कातरण, बोटाएवढेसुद्धा, कागदाच्या पुडीत बांधून कपड्याबरोबर गिऱ्हाईकाच्या हातात जाऊ लागले. लोक चकित होत. “हे हो कशाला?” म्हणून पुडी काउंटरवरच ठेवून जात. अशी मागे राहिलेली पुडीच काय ती घरात यायची. अण्णांना वाटले असेल ते असो, त्यांनी पुढची पंचवीस वर्षे असे केले. गोधडीच्या भोकावर आईने मांजरपाटाचा तुकडा लावला. मांजरपाट आमचा स्वतःचा होता, वार मोजून विकत आणलेला. मी मात्र त्या गोधडीखाली पुन्हा निजलो नाही. पुण्याला वसतिगृहात आलो तेव्हा आईने ती वळकटीत बांधली होती. मी ती काढून ठेवली आणि सोलापुरी चादर घेऊन आलो.

हे सगळे मी त्या दुपारी कन्येला सांगितले. अण्णांच्या समोर. दुकानात मी काय विचारले तेही सांगितले, कारण ते गाळले तर गोष्टीत सांगण्यासारखे काही उरत नाही. ती ऐकत होती आणि अण्णा सुईत दोरा ओवीत होते. माझे सांगून झाल्यावर मी म्हणालो, “अण्णा, त्या वेळी मी तसं विचारायला नको होतं.”

“लहान होतास,” ते म्हणाले. मग थोडे थांबून, “गिऱ्हाइकांसमोर विचारलंस तेवढंच.” एवढ्या वर्षांत ह्या बाबतीत ते बोलले ते इतकेच.

कन्येला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. “पण आजोबा, चिंधी असं चोरण्यासारखं काय असतं त्यात?” अण्णांनी तिला कृष्णाच्या कापलेल्या बोटाची गोष्ट सांगितली. सख्खी बहीण सुभद्रा, तिच्या घरी बोटाला बांधायला चिंधी सापडेना. आणि द्रौपदीने मागचा पुढचा विचार न करता अंगावरचा पीतांबर फाडला. १९५३ च्या ‘श्यामची आई’ चित्रपटात आचार्य अत्र्यांनी ह्याच कथेवर गाणे लिहिले आहे. ते मी वर्गात शिकवतो आणि दरवर्षी दोनतीन मुलींचे डोळे पुसले जातात. अण्णांची टीप मात्र मला कुठल्याही टीकाग्रंथात आढळलेली नाही. ते म्हणाले, “राजवाड्यात चिंधी नसायची ती नसायचीच. सुभद्रेचा काय दोष? घरात कुणी शिवणारं असतं तर चिंधी सापडली असती.”

दुपट्याचे बदाम त्या गाठोड्यातून निघाले. सहा इंचांचा अखंड तुकडा त्यात कुठला? म्हणून दोन दोन, तीन तीन तुकडे जोडून आधी कापड केले आणि त्यातून बदाम कापले. त्यामुळे एकेका बदामात तीन तीन रंग आले आहेत, आणि चित्रातल्यापेक्षा ते मला अधिक पसंत आहेत. पंधरा झाले. सोळाव्याला गाठोड्यातले सुती संपले; राहिले ते सगळे टेरिकॉट. मांजरपाटाचा चौकोन उसवून घेऊ का, असे कन्येने विचारले. अण्णा आणि मी दोघेही एकदम ‘नको’ म्हणालो.

शेवटी मी माझा एक सुती शर्ट काढून दिला. फिक्या निळ्या रंगाचा, कॉलर विरलेला. बरीच वर्षे वर्गावर घातलेला. अण्णांनी तो हातात घेऊन उलटा केला, आतली शिलाई पाहिली आणि “रेडीमेड,” असे म्हणून नाक मुरडले. मग पाठीचे कापड पसरून साचा ठेवला. त्यांचा हात आता थोडा कापतो, पण कात्री कापडावर ठेवली की थांबतो. सोळावा बदाम अखंड निघाला.

कडेपासून आत असे टाके घालायला आम्हाला चार रविवार लागले. एका बाजूला अण्णा, एका बाजूला कन्या, तिसऱ्या बाजूला सौभाग्यवती. चौथी बाजू मला दिली होती. माझे टाके अर्धा इंच लांब आणि वाकडे आहेत, ते काढून पुन्हा घालू का, असे मी विचारले, तर अण्णा म्हणाले, “राहू दे. बाळाला कळायचं नाही.”

दुपटे धुऊन, वाळवून बहिणीकडे पाठवले, त्या रात्री मी उत्तरपत्रिका तपासायला बसलो, तर त्यांच्यावर कापडाची एक घडी ठेवलेली होती. फिक्या निळ्या रंगाची, पांढऱ्या दोऱ्याने आडवी उभी बांधलेली. माझ्या शर्टातले उरलेले कापड होते. मी त्यावर हात पसरून पाहिला. वितीहून चार बोटे मोठे होते.